गव्हाच्या रानातलं शिसं : इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातल्या एका शेताच्या प्रकल्प नोंदी

१७ ऑगस्ट २०२४, शनिवार. कागदपत्रं आणि नकाशे

शेत साधारण ९ हेक्टर, चिकणमातीचं, सध्या गहू उभा. मळणी महिनाअखेरीस, पुढची पेरणी ऑक्टोबर संपता संपता. मधले आठवडेच आपल्या चौघांच्या मेटल डिटेक्टर पाहणीचे. जमीनमालक वेगळा आणि कसणारा कूळ वेगळा, त्यामुळे दोघांच्याही सह्या घेतल्या. तोंडी होकारावर रानात उतरू नये, पुढे एखादी मौल्यवान वस्तू निघाली की सगळ्यांचीच आठवण वेगवेगळी असते. करार एका पानाचा: कोणतं शेत, कधीपर्यंत, खड्डे बुजवायची जबाबदारी, वाटणी निम्मी-निम्मी, आणि नोंदींची प्रत कोणाकोणाला. चौघांनीही एनसीएमडीचं (डिटेक्टर वापरणाऱ्या हौशी लोकांची राष्ट्रीय संस्था) सभासदत्व घेतलं आहे, त्यात दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा येतो. बहुतेक शेतकरी पहिला प्रश्न त्याचाच विचारतात.

सरकारी ‘मॅजिक’ नकाशावर संरक्षित स्मारकं तपासली. १९७९ च्या प्राचीन स्मारक कायद्याच्या कलम ४२ नुसार संरक्षित जागेत लेखी संमतीशिवाय डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा आहे, मग काही सापडो न सापडो. इंग्लिश यादवी युद्धातलं नेझबीचं रणांगण (१४ जून १६४५) याच परगण्यात असलं तरी आपलं शेत त्याच्या नोंदणीकृत हद्दीपासून बरंच लांब आहे, हे नकाशावर मोजून पाहिलं. जुन्या ऑर्डनन्स सर्व्हे नकाशावर आग्नेय कोपऱ्यातून जाणारी एक पायवाट दिसते, ती आज जमिनीवर नाही. लायडारमध्ये (विमानातून लेझरने घेतलेला जमिनीच्या चढउताराचा नकाशा) मध्ययुगीन नांगरटीचे सरी-वरंबे पुसट उमटले आहेत.

कुळाच्या शेडमध्ये एका पत्र्याच्या डब्यात शिशाच्या गोळ्या पडून आहेत. वर्षानुवर्षं नांगराबरोबर वर आलेल्या. कोणती कुठे मिळाली हे आता कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे एवढं शिसं हाती असूनही त्यातून या शेताबद्दल काहीच कळत नाही. प्रकल्प याचसाठी आहे. बॉसवर्थची १४८५ ची लढाई अँबियन टेकडीवर झाली असं पिढ्यानपिढ्या मानलं जात होतं. २००५ ते २००९ मध्ये पट्टे आखून डिटेक्टरने पाहणी झाली, शिशाचे तोफगोळे एकेक करून नकाशावर आले आणि रणांगण नैर्ऋत्येला सुमारे ३ किलोमीटर सरकलं. सुटा गोळा शेल्फवर ठेवला असता तर हे कधीच दिसलं नसतं.

३१ ऑगस्ट, शनिवार. आखणी

मळणी झाली, धसकटं घोट्याएवढी. जास्त उंच धसकटं असतील तर कॉइल (डिटेक्टरची खालची चकती) जमिनीपासून वर राहते आणि तेवढी खोली हातची जाते, म्हणून कुळाला आधीच सांगून कापणी खाली घेतली होती.

शेत जवळपास ३०० बाय ३०० मीटर. पहिल्या फेरीला १० मीटर अंतरावर पट्टे: ३१ पट्टे, एकूण ९.३ किलोमीटर, माणशी साधारण सव्वादोन ते अडीच किलोमीटर. दोन्ही टोकांना बांबूच्या काठ्या, एकाआड एक लाल आणि पिवळी फीत. कॉइलचा झोका दीड मीटर धरला तर या फेरीत जमिनीचा फक्त १५ टक्के भाग तपासला जातो. एवढ्यावर शिसं कुठे दाट आहे ते कळतं. दाट जागी मग अडीच मीटरचे पट्टे.

यंत्रं: दोन मिनलॅब इक्विनॉक्स ८००, एक एक्सपी ड्यूस २, एक नोक्टा सिंप्लेक्स. पहिल्या दोन्ही जाती एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीवर चालतात, सिंप्लेक्स एकाच. त्यामुळे कोणत्या पट्ट्यावर कोणतं यंत्र फिरलं हेही वहीत लिहायचं. नाहीतर यंत्राची कमजोरी नकाशावर ‘इथे काही नाही’ म्हणून उमटते.

इक्विनॉक्सचं सेटिंग: फील्ड २ (शेतासाठीचा मोड), संवेदनशीलता २०, रिकव्हरी (एका सिग्नलनंतर दुसरा पकडायचा वेग) ६, आयर्न बायस (सिग्नल लोखंडाचा ठरवायचा कल) कमी. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजांचा आवाज वजा करणं, स्वच्छ जागा बघून कॉइल वर-खाली करत करायचा. पूर्वेच्या बांधावरून विजेची तार जाते, तिच्या खाली यंत्र नुसतं किरकिरतं. तिथे आधी नॉइज कॅन्सल, मग संवेदनशीलता १६ पर्यंत खाली. दोन यंत्रं एकमेकांच्या जवळ आली तरी हीच किरकिर होते, म्हणून शेजारच्या पट्ट्यांवर दोघांनी बरोबरीने चालायचं नाही, एक पुढे, एक मागे.

बूट साधे, पोलादी टोपीचे नकोत. पायाजवळ पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) नेला की तो टोपीलाच वाजतो.

८ सप्टेंबर, रविवार. पहिली फेरी, पश्चिम अर्धा

जमीन कोरडी, भेगाळलेली. सिग्नल उथळ. तीन-चारशे वर्षांच्या वस्तीचे खिळे सगळीकडे. इक्विनॉक्स ८०० वर शून्य आणि त्याखालचे आकडे लोखंडाचे, पण गंजलेला वाकडा खिळा किंवा घोड्याची नाल मधूनच खणखणीत उंच सूर देते. ओळखायची रीत ठरलेली: सिग्नलभोवती ९० अंशात फिरून कॉइलचा पुन्हा झोका घ्यायचा. नाणं किंवा गोळी असेल तर दोन्ही दिशांनी तोच सूर, तीच जागा. लोखंड असेल तर एका बाजूने सूर तुटतो, किंवा पिनपॉइंट केल्यावर जागा हातभर सरकते. शंका राहिली तर ऑल-मेटल (सगळे धातू ऐकवणारा मोड) चालू करायचं, खाली लोखंडाची घरघर ऐकू येते.

लोखंड पूर्ण बंद करून चालायचं मात्र नाही. रिकिबी, आकडे, लोखंडी गोळे त्यातच जातात, आणि खिळ्याशेजारी पडलेलं चांदीचं नाणं लोखंडाच्या सुरात झाकलं जातं. आम्ही लहान लोखंड ऐकून सोडतो, मोठं लोखंड दाट पट्ट्यात खणतो.

खणताना फावडं सिग्नलच्या केंद्रापासून १५ सेंटिमीटर लांब टाकायचं. जोर लावून मधोमध घातलं की नाण्याला कड लागते, ती कायमची. नांगरटीच्या थराखाली, म्हणजे इथे साधारण २५ सेंटिमीटरखाली, खणायचं नाही. त्याखालची माती हललेली नसते. तिथून सिग्नल येत असेल तर निशाण लावून थांबायचं, पुढचं काम पुरातत्त्ववाल्यांचं.

मिळालं: १३ शिशाच्या गोळ्या, जॉर्ज तिसऱ्याची झिजलेली अर्धी पेनी, १८६० नंतरच्या ब्राँझच्या चार पेन्या, मेंढरांच्या गळ्यातली एक घंटा, ट्रॅक्टरचे तुकडे. ॲल्युमिनियमचा चुरा जवळजवळ नाही, हे नशीब. शहरी कचऱ्याचं खत टाकलेल्या रानात त्या चुऱ्याने काम अशक्य होतं. तसं रान हाती आलं तर सोडून द्यावं, वेळ घालवू नये.

१४ सप्टेंबर, शनिवार. पूर्व अर्धा आणि वजनं

आणखी ८ गोळ्या, एकूण २१. पश्चिमेकडून ईशान्येकडे तिरका, सुमारे ६० मीटर रुंदीचा पट्टा दिसतोय.

गोळीचा व्यास कॅलिपरने मोजून भागत नाही, कारण आपटलेली गोळी चपटी होते. वजन घ्यायचं, ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर. त्या काळी माप ‘एका पौंडात किती गोळ्या’ असं होतं, आणि पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. पौंडात १२ बसणारी मस्केटची (पायदळाची लांब बंदूक) गोळी ३७.८ ग्रॅमची, व्यास १८.५ मि.मी. पौंडात २० असेल तर २२.७ ग्रॅम आणि १५.६ मि.मी., हे कारबाइनचं, म्हणजे घोडदळाच्या आखूड बंदुकीचं माप. पौंडात ३४ म्हणजे १३.३ ग्रॅम, १३.१ मि.मी., हे पिस्तुलाचं माप. शिशाची घनता ११.३४ धरून वजनावरून व्यास निघतो. मातीत शिशावर पांढरट थर चढतो, त्यामुळे वजन थोडं इकडेतिकडे होणारच. एकेका ग्रॅमवरून भांडू नये.

आपल्या २१ पैकी ९ गोळ्या ३५ ते ३८ ग्रॅमच्या, ७ गोळ्या २० ते २४ च्या, ५ गोळ्या ११ ते १४ च्या. म्हणजे मस्केट, कारबाइन आणि पिस्तूल एकाच पट्ट्यात. पायदळ आणि घोडदळ दोन्ही.

गोळी क्र. १७ जवळून: ३६.९१ ग्रॅम. साच्याची शिवण पूर्ण गोल फिरते. शिवणीवरच ओतनळीचा देठ पक्कडीने तोडल्याची चपटी खूण, तिच्यावर दोन समांतर ओरखडे. आपटल्याची खूण कुठेच नाही. ही गोळी उडालेलीच नाही, हातातून किंवा पिशवीतून पडली. क्र. ९ उलट: अर्धी बाजू चपटी, कड फाटलेली, चपट्या भागात वाळूचे कण रुतलेले. क्र. ४ वर ओळीने खळगे आहेत, ते डुकराच्या दातांचे. डुकरं रान उकरताना शिसं चावतात, अशा गोळ्या इंग्लंडभर मिळतात.

पडलेल्या आणि उडालेल्या गोळ्या मिसळलेल्या आहेत, हे महत्त्वाचं. नेमबाजीचा सराव असता तर बांधासमोर एकाच ठिकाणी चपट्या गोळ्यांचा ढीग मिळाला असता. तरी ‘लढाई’ हा शब्द अजून नको. शिकारी, मिलिशियाचे सराव, वाटेवरचे प्रवासी, सगळ्यांनीच शिसं सांडलं आहे. अडीच मीटरची फेरी झाल्यावर बोलू.

२२ सप्टेंबर, रविवार. पाऊस, घरकाम

रान चिखलाचं. वाफसा येईपर्यंत पाय ठेवायचा नाही असं कुळाने सांगितलं आणि ते बरोबरच आहे. ओल्या चिकणमातीत पाय पडले की जमीन दाबली जाते, आणि ढेकळातून गोळी शोधणं तसंही होत नाही. थोडी ओल मात्र हवीच. कोरड्या भेगाळ मातीपेक्षा ओलसर मातीत जुन्या नाण्याचा सिग्नल खोलवरून येतो.

जागांचा तक्ता तपासला. हातातल्या जीपीएसची अचूकता उघड्या रानात ३ ते ५ मीटर. सगळे आकडे ब्रिटिश नॅशनल ग्रिडवर (देशाच्या नकाशावरची चौकटींची पद्धत), दहा अंकी. इथे एक सापळा नेहमीचा आहे: ग्रिड ब्रिटिश निवडलं पण डेटम (मोजमापासाठी धरलेला पृथ्वीचा नमुना) जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वरच राहिला, तर सगळे बिंदू सुमारे १०० मीटर सरकतात. शेत ३०० मीटरचं असताना १०० मीटरची चूक म्हणजे नकाशा रद्दी. उपाय सोपा: दर वेळी फाटकाच्या खांबाचा बिंदू घ्यायचा आणि मागच्या वेळच्या आकड्याशी जुळवायचा.

महाराष्ट्रातून काही मित्रांनी विचारलं की सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर हेच करता येईल का. नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला १० रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो, १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय उत्खनन चालत नाही, आणि १९७२ च्या कायद्यात १०० वर्षांहून जुनं नाणंही पुरावस्तू ठरतं. इंग्लंडमधल्यासारखी हौशी लोकांकडून नोंदी घेणारी व्यवस्था तिथे नाही. किल्ल्यावर डिटेक्टर घेऊन जाणारे तटाची माती उकरून ठेवतात, वस्तू बाजारात जाते आणि जागा कायमची हरवते. तोफगोळा पावसाने उघडा पडलेला दिसला तर हलवू नये. फोटो, जागा आणि पुरातत्त्व खात्याला खबर, एवढंच.

५ ऑक्टोबर, शनिवार. चांदी

पाऊस उघडला, वाफसा आला. दाट पट्ट्यात अडीच मीटरची फेरी सुरू: ६० बाय २०० मीटर, २४ पट्टे, ४.८ किलोमीटर.

पट्टा ११ वर चार्ल्स पहिल्याचं सहा पेन्स. व्यास २५ मि.मी., डोक्यामागे रोमन सहा, मागे ढाल आणि ‘ख्रिस्तो ऑस्पिके रेग्नो’ (लॅटिन: ख्रिस्ताच्या कृपेने राज्य करतो). टाकसाळीची खूण वर्तुळातला त्रिकोण, म्हणजे लंडनच्या टॉवरमधली टाकसाळ, १६४१ ते १६४३. वजन २.६ ग्रॅम, पूर्ण वजन ३ च्या आसपास असायला हवं. कड एका बाजूने सरळ कापलेली, अक्षरांची डोकी गेलेली. चांदी कातरून घ्यायची त्या काळची सवय.

त्यापासून ३.२ मीटरवर, पट्टा १२ मध्ये, त्याच राजाचं एक शिलिंग.

इथे काम थांबवलं. १९९६ च्या ट्रेझर कायद्यात ३०० वर्षांहून जुनी, किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली दोन किंवा अधिक नाणी ‘एकाच सापडीतली’ असतील तर तो ‘ट्रेझर’, म्हणजे कायद्याने कळवायलाच हवा असा ठेवा. नांगर नाणी ओढत नेतो, त्यामुळे ३.२ मीटरचं अंतर काहीच सिद्ध करत नाही. एकत्र हरवली की वेगवेगळी, हे ठरवणं आपलं काम नव्हे, ते कोरोनरचं (चौकशी करणारा न्यायिक अधिकारी). कळवायची मुदत १४ दिवसांची, म्हणजे १९ ऑक्टोबर. त्याच संध्याकाळी परगण्याच्या फाइंड्स लायझन ऑफिसरला (सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणारा अधिकारी) फोटो, वजनं, ग्रिड आणि मालकाचं नाव पाठवलं. आसपासच्या १० मीटरच्या वर्तुळात पुढची खणाई उत्तर येईपर्यंत बंद.

नाणी धुतली नाहीत. चिकणमातीत गारगोटीचे बारीक कण असतात, अंगठ्याने एकदा चोळलं की राजाच्या गालावर कायमचे ओरखडे.

१२ ऑक्टोबर, शनिवार. आग्नेय कोपरा: काम बंद

जुन्या पायवाटेच्या कोपऱ्यात .३०३ रायफलची पितळी काडतुसं, रिकामी. लांबी ५६ मि.मी., बुडाची कड १३.७ मि.मी. बुडावरचे ठसे वाचले: ‘के’ म्हणजे कायनॉक, ‘आरजी’ म्हणजे रॅडवे ग्रीन, साल ४१ आणि ४२, रोमन सात म्हणजे मार्क ७ ची गोळी. होम गार्डचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्वयंसेवक दलाचा, सराव असावा. मराठी वाचकासाठी एक: कुठे ‘केएफ’ ठसा दिसला तर ते काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं. इथे तसं मिळालेलं नाही. गोळी जागेवर असलेलं, न उडालेलं काडतूस मिळालं तर खिशात घालायचं नाही, पोलिसांना कळवायचं.

दुपारी चरातून लोखंडी पण उंच उड्या मारणारा सूर, हातभर जागेत पाच-सहा ठिकाणी. १० सेंटिमीटरवर गंजलेलं क्राऊन झाकण (सोड्याच्या बाटलीला असतं तसं) दिसलं, त्याखाली स्वच्छ काचेची मान, आत पिवळट द्रव. होम गार्डची ७६ नंबरची आग लावणारी बाटली. आत फॉस्फरस, बेंझिन, पाणी आणि रबराची पट्टी. काच फुटून हवा लागली की आपोआप पेटते. या बाटल्या २४ च्या पेटीत यायच्या आणि युद्धात ठिकठिकाणी पुरून ठेवल्या गेल्या, म्हणून एक दिसली की बाकीच्या शेजारी आहेत असंच धरायचं.

केलेली कृती, क्रमाने: फावडं होतं तिथेच ठेवलं, काहीही उपसलं नाही, माती परत लोटली नाही. दोन मीटर अलीकडे निशाण. ग्रिड घेतला. सगळेजण वाऱ्याच्या वरच्या बाजूने १०० मीटर लांब. ९९९ वर फोन, कुळाला फोन, फाटकावर एकजण पोलिसांना वाट दाखवायला. पुढचं लष्कराच्या पथकाने पाहिलं. तो कोपरा आता प्रकल्पाबाहेर.

याच प्रकारात आणखी एक: ॲल्युमिनियमचे वितळलेले गोळे, रिव्हेट, शिक्के मारलेले पार्ट नंबर दाट मिळाले तर थांबायचं. लष्करी विमान पडल्याची जागा १९८६ च्या कायद्याने संरक्षित आहे, तिथे परवान्याशिवाय काही हलवता येत नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

दोन्ही नाणी अधिकाऱ्याकडे जमा, पावती घेतली. वर्तुळातलं काम त्यांच्या माणसासमोर करायचं ठरलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार. फेरी पूर्ण, गुंड्या

दाट पट्टा संपला. आणखी ३४ गोळ्या, बारूद ठेवायच्या कुपीचं शिशाचं झाकण एक, वर्तुळात तिसरं नाणं नाही. झाकण महत्त्वाचं, ते सतराव्या शतकातल्या मस्केटवाल्याच्या पट्ट्यावरचं असतं, शिकाऱ्याकडे सहसा नाही.

गुंड्या सात. ब्रिटिश पायदळाच्या शिपायांच्या गुंड्यांवर १७६८ पासून पलटणीचा नंबर असे, १८५५ पर्यंत त्या प्यूटरच्या (कथिलाचा मिश्रधातू), नंतर पितळी, आणि १८७१ पासून नंबर जाऊन राजचिन्ह आलं. त्यामुळे नंबरची पितळी गुंडी दिसली की काळ १६ वर्षांत बसतो. चिमटीएवढ्या गुंडीतून एवढी नेमकी तारीख मिळते. कधी १०३ नंबर मिळाला तर लक्ष द्यावं: १८६२ पासून १८८१ पर्यंत तो रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्सचा, म्हणजे कंपनीच्या मुंबईच्या गोऱ्या पलटणीचा वारसा. आपल्याकडे ओळखता आली ती एकच, राजचिन्हाची. प्यूटरच्या दोन काठाकाठाने भुगा होताहेत, त्या मातीसकट उचलून डबीत ठेवल्या.

२७ ऑक्टोबर, रविवार. साफसफाई आणि साठवण

शिसं: थोडं पाणी, मऊ ब्रश, बस. पांढरट थर खरवडायचा नाही, साच्याच्या खुणा त्याच थरात असतात. हातमोजे, आणि जेवणाआधी हात धुणं. शिशासाठी लाकडी पेटी, पुठ्ठा, एमडीएफ (दाबलेल्या भुश्याचा तक्ता) बाद. त्यातून निघणाऱ्या आम्लवाफांनी, ओकच्या लाकडातून तर नक्कीच, शिसं पांढरं पावडर होत जातं. पॉलिथिनची भोकं पाडलेली पिशवी, आत फोमचा तुकडा, वर पक्क्या शाईने नंबर.

तांबं आणि पितळ: पाणी नको. कोरडं झाल्यावर बांबूच्या काडीने माती सोडवायची. फिकट हिरवी पावडर फुटत असेल तर तो क्लोराइडचा रोग, ती वस्तू लगेच वेगळी करून सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात.

लोखंड: मोठ्या तुकड्यांवरची माती तशीच, सिलिका जेलच्या डब्यात. गंजाच्या गोळ्यात काय आहे ते एक्स-रेनेच कळतं, हातोडीने नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार. पेरणीनंतर

पेरणी झाली. आता मळणीपर्यंत आत पाय नाही. ५५ गोळ्यांचा तक्ता (नंबर, वजन, पौंडात किती, पडलेली की उडालेली, ग्रिड, पट्टा, यंत्र) पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमकडे (हौशी लोकांच्या सापडींची नोंद ठेवणारी योजना) गेला. सार्वजनिक नोंदीत जागा फक्त चार अंकी ग्रिडने, म्हणजे एका किलोमीटरच्या चौकोनात दिसेल. रात्री चोरून खणणाऱ्यांना नेमकं शेत कळू नये म्हणून ते हवंच. शेताचं नाव आम्हीही कुठे लिहीत नाही.

नकाशावर काय दिसतं: पडलेल्या मस्केटच्या गोळ्या पट्ट्याच्या पश्चिम टोकाला, उडालेल्या ईशान्येकडे, पिस्तुलाच्या मधोमध. नाण्यांची साल आणि बारूदाचं झाकण यांच्याशी हे जुळतं, आणि यादवी युद्धातली लहान चकमक हा अर्थ आता वाजवी वाटतो. पण ईशान्येला पट्टा बांधापाशी तुटतो, संपत नाही. बांधापलीकडचं शेत दुसऱ्या मालकाचं, तिथे सध्या कुरण आहे. तिथे खणायचं तर गवताची चकती तीन बाजूंनी कापून उलटायची, माती ताडपत्रीवर, चकती परत बसवून पायाने दाबायची. त्या मालकाला पत्र, करार, मॅजिक नकाशाची तपासणी ही कामं डिसेंबरमध्ये. फाटकाच्या खांबाचा बिंदू तोच ठेवायचा.